तोदोरोकीची लाल लाट : फुजित्सू रेडवेव्ह आणि जपानचं महिला बास्केटबॉल

सायली_कावासाकी

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणता दोन हंगाम उलटले, आज बसलेच.

नागपूरला शाळेत असताना मी बास्केटबॉल खेळायचे. नववीत माझी उंची वाढायची थांबली आणि सरांनी मला स्कोअरशीट लिहायला बसवलं. पुढची दोन वर्षं मी दुसऱ्यांचे गुण लिहीत होते. त्यानंतर चेंडू हातात घेतला नाही. लग्न, नोकरी, जपान. तिशी उलटल्यावर एका शनिवारी शेजारच्या आजींनी आग्रह केला म्हणून लेकीला घेऊन तोदोरोकी एरिनात गेले, आणि तिथे १६२ सेंटिमीटरची एक बाई अख्खा सामना चालवताना पाहिली. रुई माचिदा. फुजित्सू रेडवेव्हची पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारी.

आम्ही राहतो त्या टोकियोशेजारच्या कावासाकीतून नंबू रेल्वे लाईन जाते. मुसाशी-नाकाहारा स्थानकाला लागूनच फुजित्सूचा कारखाना आहे आणि तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर तोदोरोकीचं हिरवंगार मैदान. त्याच आवारात कावासाकी फ्रोंताले या फुटबॉल संघाचं स्टेडियम आहे. तो संघही मुळात फुजित्सूच्या कामगारांचा. रेडवेव्हची सुरुवात १९८५ सालची. कंपनीने काढलेला संघ, आणि आजही नावात कंपनी आधी.

आता त्या शनिवारचा एक क्षण सांगते. माचिदा उजवीकडून आत शिरली. समोर तिच्यापेक्षा वीतभर उंच दोघीजणी. ती थांबलीच नाही, बास्केटकडे बघत बघत उडी मारली, दोघी तिच्याबरोबर उडाल्या, आणि चेंडू मात्र तिच्या कमरेजवळून मागे, डाव्या कोपऱ्यात गेलेला. तिथे युकी मियाझावा हात तयार ठेवून उभी. तीन गुण. माचिदाने तिकडे एकदाही पाहिलं नव्हतं. लेक म्हणाली, "आई, तिला कसं कळलं तिथे कोणीतरी आहे?" मला उत्तर देता आलं नाही, पण घसा दाटून आला होता.

ज्यांनी टोकियो ऑलिंपिक पाहिलं त्यांना ही दोन्ही नावं आठवतील. २०२१ च्या ऑगस्टमध्ये उपांत्य फेरीत जपानने फ्रान्सला ८७–७१ असं हरवलं, त्या एका सामन्यात माचिदाने १८ असिस्ट केले, म्हणजे थेट बास्केट मिळवून देणारे १८ पास. ऑलिंपिकचा विक्रम. अंतिम सामना सैतामात अमेरिकेशी झाला, ९०–७५ ने गेला, आणि जपानला रौप्य. बास्केटबॉलमध्ये जपानचं, पुरुष किंवा महिला, ते पहिलं ऑलिंपिक पदक. स्पर्धेच्या सर्वोत्तम पाचांत माचिदाची निवड झाली. बाकीच्या चौघी तिच्यापेक्षा कितीतरी उंच.

पण आंतरराष्ट्रीय पदक गळ्यात असूनही तिच्या स्वतःच्या क्लबला लीगचं विजेतेपद मिळत नव्हतं. माचिदा २०११ मध्ये साप्पोरोच्या शाळेतून थेट रेडवेव्हमध्ये आली. क्लबने लीग जिंकली होती ती २००७-०८ मध्ये, म्हणजे तिच्या आधी. त्यानंतर ११ वर्षं एकाच संघाचं राज्य होतं, एनिओस सनफ्लॉवर्स. तेल कंपनीचा संघ, २००८-०९ ते २०१८-१९ सलग ११ विजेतेपदं. २०१९-२० चा हंगाम कोविडमुळे अर्ध्यावर थांबला, मग टोयोटाच्या अँटेलोप्सने लागोपाठ दोनदा जिंकलं, त्यातल्या २०२१-२२ च्या अंतिम फेरीत हरलेला संघ फुजित्सूच. माचिदा २०२२ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन मिस्टिक्सकडून एक हंगाम खेळून आली. आली ती पुन्हा कावासाकीलाच. आणि २०२३-२४ मध्ये, १६ वर्षांनी, फुजित्सूने लीग जिंकली. २०२४-२५ मध्ये पुन्हा. दोन्ही वेळी अंतिम फेरीत समोर डेन्सो कंपनीचा संघ.

पहिल्या विजेतेपदाच्या रात्री शेजारच्या आजींनी आमच्या दारात लाल टॉवेल आणून दिला. त्या २००८ च्या विजयाच्या वेळीही तिथे होत्या.

मला इथे जाणकारांकडून एक जाणून घ्यायचं आहे. हे संघ कंपन्यांचे आहेत. कंपनी आहे म्हणून माचिदासारखी मुलगी अठराव्या वर्षी येऊन दहा-बारा वर्षं एका जागी घडू शकली, असं माझं मत झालंय. आपल्याकडे मुलींना हे का मिळत नाही? की मिळतं आणि मला माहीत नाही?

---

रुळावरचा_वाटसरू

सायलीताई, फार मनापासून लिहिलंय. स्कोअरशीटचं वाचून वाईट वाटलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : मिळतं, पण एकाच दारातून. मी रेल्वेत ३१ वर्षं नोकरी केली, व्हॉलीबॉलच्या क्रीडा कोट्यातून लागलो. भारतात महिला बास्केटबॉल म्हणजे बऱ्याच अंशी रेल्वे. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेच्या मुलींचा दबदबा वर्षानुवर्षं आहे. पुण्याची शिरीन लिमये, जिने भारताचं नेतृत्व केलं, तीही रेल्वेकडून खेळली. मुलगी भरती होते, तिला पगार, पास, क्वार्टर, पेन्शन. खेळ संपला तरी नोकरी राहते. घरचे लग्नाची घाई करत नाहीत, कारण पोरगी कमावती असते. ही फार मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखू नका.

जे नाही ते म्हणजे लीग. आमच्या मुली वर्षात मोजक्या स्पर्धा खेळतात. मधले महिने सराव आणि ऑफिस. जपानमध्ये किती सामने होतात?

---

सायली_कावासाकी

@रुळावरचा_वाटसरू काका, इथे ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत जवळपास दर शनिवार-रविवार. आणि गंमत म्हणजे शनिवारी ज्या संघाशी खेळायचं, रविवारी त्याच संघाशी त्याच मैदानात पुन्हा. शनिवारी ज्या चालीने मार खाल्ला तिचं उत्तर एका रात्रीत शोधायचं. मी मुद्दाम दोन्ही दिवस जाते. शनिवारी जो पास सहज जात होता, तोच पास रविवारी पहिल्या पाच मिनिटांत अडवलेला असतो.

नोकरीबद्दल तुम्ही म्हणता ते इथेही होतं. या पद्धतीला जपानीत 'जित्सुग्योदान' म्हणतात, उद्योगांचे संघ. अनेक खेळाडू कंपनीच्या नोकरदार असायच्या, खेळ थांबला की त्याच कंपनीत कामाला. आता बऱ्याच जणी व्यावसायिक करारावर आहेत.

---

लालबागचा_नातू

हे वाचताना आजोबांची आठवण आली. ते गिरणीत साचेवाले होते आणि गिरणीच्या कबड्डी संघात खेळायचे. सामन्याच्या दिवशी पाळी लवकर सुटायची, अर्धं खातं मैदानावर. संपानंतर गिरणी गेली आणि संघही गेला. आजोबांची जर्सी घरात अजून आहे.

जपानमध्ये महिलांच्या कंपनी-संघांचं मूळही कापड गिरण्यांतच आहे, हे माहीत आहे का कोणाला? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचं सुवर्ण जिंकणाऱ्या मुली बहुतेक एकाच गिरणीच्या होत्या, निचिबोच्या काइझुका गिरणीच्या. दिवसा काम आणि मग रात्री उशिरापर्यंत सराव.

म्हणून माझी शंका अशी : कंपनीवर सगळं टांगलं की कंपनी बुडाल्यावर काय?

---

कारियाचा_केदार

लालबागचा_नातू, अगदी बरोबर धागा पकडलात. मी आयची प्रांतात कारिया गावी राहतो, गाडीच्या सुट्या भागांच्या क्षेत्रात काम. (आणि मी डेन्सोच्या बाजूचा, त्यामुळे सायलीताईंच्या लाल टॉवेलचं दुःख मला दोन वर्षं आहे.)

या छोट्या गावात डेन्सो, आइसिन आणि टोयोटा बोशोकू, तिन्ही कंपन्यांची मुख्यालयं आहेत आणि तिघींचे महिला बास्केटबॉल संघ आहेत. शेजारच्या नागोयात टोयोटा आणि मित्सुबिशी इलेक्ट्रिकचे. म्हणजे एकाच प्रांतात पाच. 'बोशोकू' म्हणजे सूतकताई आणि विणकाम. आज ती कंपनी गाड्यांच्या सीट बनवते, पण सुरुवात तुमच्या आजोबांच्याच धंद्यातली.

आमच्या संघाचं नाव आयरिस. आयचीचं प्रांतीय फूल 'काकित्सुबाता', म्हणजे पाणथळीत उगवणारं जांभळं आयरिस, त्यावरून. आणि आमची लाडकी खेळाडू हिमावारी आकाहो. हिमावारी म्हणजे सूर्यफूल! सनफ्लॉवर्स नावाचा संघ लीगमध्ये असताना सूर्यफूल आमच्या आयरिसमध्ये. तिची बहीण साकुराही इथेच खेळलेली, जुळा भाऊ राइता पुरुषांच्या लीगमध्ये. तिघांचे वडीलही जपानकडून खेळलेले.

आता कंपनी बुडाल्यावर काय, ते सांगतो. जपान एअरलाइन्सचा संघ होता, जेएएल रॅबिट्स. २०१० च्या जानेवारीत कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि २०११ मध्ये संघ बंद केला. अव्वल संघ होता तो. निइगाताच्या अल्बिरेक्स बीबी या बास्केटबॉल क्लबने तो उचलला, ससा नावात ठेवला, निइगाता अल्बिरेक्स बीबी रॅबिट्स. हिताचीच्या कोफू कारखान्याचा संघ असाच यामानाशी क्वीनबीज झाला. एबारा नावाची पंप बनवणारी कंपनी आहे, तिचा संघ आता टोकियोच्या हानेदा भागाचा व्हिकीज. म्हणजे गिरणी गेली तरी जर्सी कपाटात गेली नाही, दुसऱ्याच्या अंगावर चढली.

---

लालबागचा_नातू

केदारदादा, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. धन्यवाद.

---

बंगळूरचा_विश्राम

हानेदा व्हिकीजचं नाव आलं म्हणून लिहितोय. मी मूळचा बेळगावचा, बंगळूरला २० वर्षं. २०१७ आणि २०१९, दोन्ही वर्षी महिलांचा आशिया कप इथे कांतीरवा स्टेडियममध्ये झाला आणि दोन्ही अंतिम सामने मी पाहिलेत. तिकीट मिळायला काहीच अडचण नव्हती, हेच दुःख.

२०१७ ला जपानने ऑस्ट्रेलियाला ७४–७३ असं हरवलं. एका गुणाने! त्याच स्पर्धेत खालच्या गटात भारताच्या मुलींनी कझाकस्तानला ७५–७३ असं नमवून वरच्या गटात जागा मिळवली. त्या दिवशी माझा आवाज बसला होता.

२०१९ ला आपल्या मुली त्या वरच्या गटात जपानसमोर उभ्या राहिल्या तेव्हा फरक कळला. आपण कमी प्रयत्न करत होतो असं अजिबात नाही. पण जपानच्या मुली चेंडू मिळाल्यापासून तिसऱ्या सेकंदाला आपल्या बास्केटखाली. आपल्या मुली वळून बघेपर्यंत दोन गुण. अंतिम सामन्यात जपानने चीनला ७१–६८ ने हरवलं. चीनच्या मुलींची उंची आठवा. आणि स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू कोण? नाको मोतोहाशी, उंची १६५ च्या आसपास, क्लब हानेदा व्हिकीज. ना तेल कंपनी, ना मोटार कंपनी. वस्तीचा क्लब.

पुढे २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तिच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि ती आठ-नऊ महिन्यांत परत उभी राहून टोकियोच्या रौप्यपदकाच्या संघात होती. म्हणून सायलीताई, कंपनीच लागते असं मी म्हणणार नाही.

---

सायली_कावासाकी

विश्रामजी, मोतोहाशीचं उदाहरण खोडता येत नाही. पण एक विचार करा. ती व्हिकीजमधून खेळली तरी दर आठवड्याला तिच्यासमोर फुजित्सू, डेन्सो, एनिओस होत्या. वस्तीचा क्लब कंपन्यांनी भरलेल्या लीगमध्ये उभा आहे. कंपन्या नसत्या तर तो कोणाशी खेळला असता?

---

बंगळूरचा_विश्राम

हे मान्य. या बाजूने मी पाहिलं नव्हतं.

---

पडताळा

लेख आवडला, पण उंचीचं थोडं जास्त होतंय असं वाटतं. माकी ताकादा, आकाहो, मियाझावा या सगळ्या १८० च्या पुढच्या. एनिओसच्या अकरा वर्षांतली बहुतेक वर्षं उभी होती ती रामू तोकाशिकीवर, आणि ती १९० च्या वर. "बुटक्यांनी जग जिंकलं" असं म्हणून आपल्याकडच्या मुलींना खोटी आशा देऊ नये.

---

सायली_कावासाकी

@पडताळा, मुद्दा रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. तोकाशिकी असती तर टोकियोत जपान तिच्याभोवतीच खेळला असता. २०२० च्या डिसेंबरमध्ये तिच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि ती ऑलिंपिकला मुकली. सगळ्यांना वाटलं, संपलं. मग प्रशिक्षक टॉम होव्हास यांनी वेगळीच मांडणी केली : पाचही जणी तीन गुणांच्या रेषेबाहेर, आत कोणीच नाही, सतत पळणं, पूर्ण मैदानभर दबाव. मधली जागा रिकामी ठेवली म्हणून माचिदाला आत शिरायला वाट मिळाली, आणि बाहेर चारही दिशांना नेमबाज उभ्या असल्यामुळे तिच्या पासला पत्ता मिळाला. हे होव्हास अमेरिकन, पण मुलींशी जपानीतच बोलायचे, दुभाषा नाही. २०१७ मध्येच त्यांनी जाहीर सांगितलं होतं की टोकियोत अंतिम सामना अमेरिकेशी खेळू.

मी "उंची लागत नाही" असं म्हणत नाही. उंच मुलीही लागतातच. मी म्हणते, स्कोअरशीट कोणाच्या हातात द्यायचं हे नववीत ठरवू नका.

बेल्जियमविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना आठवतो का? ८६–८५. शेवटच्या काही सेकंदांत साकी हायाशीने लांबून तीन गुणांचा चेंडू मारला. तेव्हा ती एनिओसची होती, २०२३ ला फुजित्सूत आली आणि त्याच हंगामात आमचा १६ वर्षांचा दुष्काळ संपला. तीही काही ताडमाड नाही, १७३ ची.

---

पडताळा

"नववीत ठरवू नका", हे पटलं. वरचा प्रतिसाद घाईत लिहिला होता.

---

कारियाचा_केदार

एक भर घालतो. २०२४-२५ पासून लीगचे दोन गट केलेत, त्या हंगामात वर 'प्रीमियर' आठ संघांचा आणि खाली 'फ्युचर' सहा संघांचा. बलाढ्य आणि दुबळ्या संघांमधले एकतर्फी सामने कमी झाले. पाहायला मजा वाढली, पण खालच्या गटातल्या वस्तीच्या क्लबांना मोठ्या संघांचे प्रेक्षक मिळेनासे झाले, हेही खरं. विश्रामजी म्हणतात त्या क्लबांची मला यात काळजी वाटते.

आणि पॅरिस ऑलिंपिकबद्दल कोणी बोललं नाही. २०२४ ला जपान गटातले तिन्ही सामने हरला. त्याच्या आधी २०२३ च्या आशिया कपला चीनने ७३–७१ ने हरवून सलग पाच विजेतेपदांची साखळी तोडली. जगाने तो वेगवान खेळ अभ्यासला आहे. रविवारचा सामना आता सगळ्या जगाशी आहे.

---

वैशाली_मॅडम

मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. पहिल्यांदाच लिहितेय इथे. आमच्याकडे सिमेंटचं एक मैदान, एक रिंग, जाळी नाही. मुली ११. मुलांचं क्रिकेट सुरू झालं की आम्हाला कोपऱ्यात सरकावं लागतं.

कंपनी हवी की क्लब, ही चर्चा आमच्यापासून फार लांब आहे. पण कालच्या सरावाला मी मुलींना सायलीताईंच्या लेखातला तो पास वाचून दाखवला. एक मुलगी आहे, सातवीत, सगळ्यांत लहानखुरी. ती म्हणाली, "मॅडम, बघायचं नाही तर त्या दुसरीला कळणार कसं?" तुमच्या लेकीचाच प्रश्न उलट्या बाजूने. ताई, त्या मैदानावर एकमेकींना काय सांगतात, कशा हाका मारतात, हे तुम्ही बघितलं असेल तर लिहाल का?

---

सायली_कावासाकी

वैशालीताई, तुमच्यासाठी या रविवारी दुसऱ्या रांगेचं तिकीट काढलं आणि खेळ सोडून फक्त कान देऊन बसले.

पहिली गोष्ट, नावं. जपानमध्ये महिला बास्केटबॉलपटूंना एक 'कोर्ट नेम' असतं, मैदानात हाक मारायचं आखूड नाव. मियाझावाचं 'आस्', म्हणजे पृथ्वी. हायाशीचं 'किकी'. डेन्सोच्या ताकादाचं 'रित्सु'. संघाच्या यादीत ते अधिकृतपणे छापलेलं असतं. धावताना "मियाझावा" म्हणेपर्यंत चेंडू गेलेला असतो, "आस्!" एका श्वासात होतं.

दुसरी गोष्ट, जिच्या हातात चेंडू नाही तीच जास्त बोलते. कोपऱ्यात पोचलेली मुलगी पोचल्या क्षणी ओरडते. म्हणजे माचिदा बघत नाही, ती ऐकते. हे मला चार वर्षं कळलं नव्हतं, टीव्हीवर तर कळणारच नाही, कारण वर समालोचन असतं. तुमच्या सातवीतल्या मुलीला सांगा, दुसरीला कळवायचं नसतं, दुसरीनेच आपल्याला कळवायचं असतं.

तिसरी, बाकावरच्या मुली. त्या बसलेल्या नसतातच. समोरचा संघ मागून कोणावर धावून आला की बाकावरून सगळ्यांचा एकच आवाज येतो. खेळणाऱ्या पाच, पण डोळे बारा-पंधरा जणींचे.

जाळी आणि चार चेंडू मी दिवाळीला येताना घेऊन येते. पत्ता निरोपातून कळवा.

---

रुळावरचा_वाटसरू

वैशालीताई, साताऱ्याला माझा पुतण्या असतो, वेल्डिंगचं काम करतो. दुसऱ्या रिंगचा खांब आमच्याकडून. मैदानाची मापं तेवढी पाठवा.

---

वैशाली_मॅडम

काका, ताई, काय बोलू. मापं उद्या घेते.

आज मुलींनी आपापली कोर्ट नेमं ठरवली. फळ्यावर लिहून घेतली आहेत : वीज, चिमी, रान, ठसा, मुंगी, ओढा, बिब्बा, सर, तुरा, झेप. सातवीतलीचं अजून ठरलं नाही. ती म्हणते, "मी आधी सगळ्यांची पाठ करते."